नक्कल, अक्कल आणि कित्ता

उर्दू शाळेत दुसरी-तिसरीत शिकणाऱ्या मुलाला रोज संध्याकाळी एक ठरलेले काम असते, 'सबक की नकल' लिहून आणण्याचे. पुस्तकातला धडा पाहून, जसाच्या तसा, सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचा. जो नीट नकल लिहून आणतो त्याला शाबासकी मिळते. हेच मूल काही वर्षांनी परीक्षेला बसते तेव्हा त्याला दरडावून सांगितले जाते, "खबरदार, नकल करायची नाही!" शब्द तोच आहे. तेव्हा तो गृहपाठ होता, आता तो गुन्हा झाला. मुले चौकस असतात. एखादे मूल विचारतेच, "टीचर, मग नकल चांगली की वाईट?"

प्रश्न मुलाचा असला तरी उत्तर मोठ्यांनी द्यायचे आहे. आपल्या घरात उर्दूही बोलली जाते आणि मराठीही, त्यामुळे हा शब्द आपल्याकडे दोन्ही दारांनी येतो. तहसील कचेरीतून सातबाराची नक्कल आणायची असते. सराफाकडे दागिना असली आहे की नकली, ते पाहायचे असते. धाकटा मुलगा मामूच्या चालण्याची नक्कल करतो आणि सारे घर हसते. शेजारच्या लग्नात जे झाले त्याची नक्कल आपल्या घरच्या लग्नात होते. एकच शब्द कधी पुरावा असतो, कधी फसवणूक, कधी करमणूक आणि कधी कर्ज. म्हणून तो जरा उलगडून पाहू या.

शब्द कुठून आला?

'नक्ल' हा अरबी शब्द. नून, काफ, लाम ही त्याची मूळ अक्षरे. त्याचा पहिला अर्थ 'हुबेहूब करणे' असा नाही. पहिला अर्थ आहे, एखादी वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणे. आजच्या अरबीतही वाहतुकीला 'नक्ल' म्हणतात. हज-उमराहला गेलेल्या किंवा कोकणातून नोकरीसाठी सौदीला गेलेल्या आपल्या माणसांनी तिथल्या बसवर 'अन्-नक्ल' ही अक्षरे कितीतरी वेळा पाहिली असतील. तिथे नक्कल कोणाचीच होत नसते, प्रवाशांची ने-आण होत असते.

याच मुळातून 'इंतकाल' हा शब्द आला. आपल्या घरात कोणी वारले की आपण 'मेला' म्हणत नाही, 'इंतकाल झाला' म्हणतो. म्हणजे माणूस संपला नाही, इथून तिथे गेला. उर्दू दस्तऐवजात 'जायदाद-ए-मन्कूला' आणि 'गैर-मन्कूला' असे शब्द येतात. हलवता येते ती मन्कूला, हलवता येत नाही ती गैर-मन्कूला. मराठीत आपण त्यांना जंगम आणि स्थावर म्हणतो.

एका कागदावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर 'नेला' म्हणून त्याला नक्ल म्हणू लागले. एका माणसाची लकब दुसऱ्याने आपल्या अंगावर 'आणली' म्हणून तीही नक्ल झाली. असे करणारा तो 'नक्काल'. इराणमध्ये नक्काल हा मानाचा कथेकरी. फिरदौसीच्या 'शाहनाम्या'तल्या कथा तो लोकांपुढे साभिनय सांगतो. ही 'नक्काली' युनेस्कोने २०११ साली तातडीने जतन करण्याच्या वारशांच्या यादीत घेतली. आपल्या देशात मात्र नक्काल म्हणजे सोंगाड्या किंवा बनावट माल करणारा. 'नक्कालों से होशियार' हा इशारा जुन्या दवाखान्यांच्या आणि अत्तरवाल्यांच्या जाहिरातींतून सर्वांच्या ओळखीचा झाला.

मराठीत आल्यावर शब्दाचे रूप थोडे बदलले. 'अक्ल'ची अक्कल झाली, 'शक्ल'ची शक्कल झाली, 'नक्ल'ची नक्कल झाली. शक्कलचा तर अर्थही बदलला. उर्दूत शक्ल म्हणजे चेहरा, रूप. मराठीत शक्कल म्हणजे युक्ती, म्हणून ती 'लढवतात'. अक्कल आणि नक्कल यांचे अर्थ मात्र फारसे ढळले नाहीत आणि दोघींची जोडीही सुटली नाही. 'नकलेलाही अक्कल लागते' असे मराठीत सहज म्हटले जाते. उर्दूत याच जोडीवर फारसीतून आलेली 'नक्ल रा चे अक्ल' अशी म्हण आहे, म्हणजे नकलेला अक्कल कशाला हवी? दोन्ही म्हणी एकमेकींच्या उलट आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. कशा, ते पुढे येईलच.

नक्कल जेव्हा अमानत होती

आपल्या दीनी इल्मच्या परंपरेत नक्ल हा कमीपणाचा शब्द कधीच नव्हता. उलट विद्येचे दोन मोठे भाग मानले गेले, 'माकूलात' आणि 'मन्कूलात'. तर्कशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान असे जे अकलेने जाणता येते ते माकूलात. कुरआन, हदीस आणि त्यांच्याशी जोडलेले जे ज्ञान आधीच्यांकडून आपल्यापर्यंत पोहोचवले गेले ते मन्कूलात. लखनौच्या फिरंगी महल घराण्यातले मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ओळखला जाणारा 'दर्स-ए-निजामी' अभ्यासक्रम आजही अनेक मदरशांत चालतो. त्यातही या दोन्ही बाजू आहेत. अक्ल आणि नक्ल एकाच वर्गात बसतात.

पण ही नक्ल करणाऱ्यावर एक कडक अट होती. तू हे कुठून आणलेस, ते आधी सांग. इमाम बुखारी (रह.) यांच्या 'सहीह'मधली पहिलीच हदीस घ्या. कर्म नियतीवर अवलंबून असते, या आशयाची ही हदीस आपल्या मुलांना लहानपणीच पाठ असते. पण प्रेषितांचे (स.) शब्द येण्याआधी तिथे सहा नावे येतात. हुमैदींनी सुफियान यांच्याकडून ऐकले, त्यांनी यहया बिन सईद अन्सारींकडून, त्यांनी मुहम्मद बिन इब्राहीम तैमींकडून, त्यांनी अल्कमा बिन वक्कास लैसींकडून आणि त्यांनी हजरत उमर बिन खत्ताब (रजि.) यांच्याकडून. वचन छोटेसे आहे, पण ते हातोहात कसे आले याचा पूर्ण हिशोब त्याच्या आधी मांडला आहे.

नावांच्या या साखळीला 'सनद' म्हणतात. साखळीतला प्रत्येक माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खरे बोलणारा होता का, ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला तो खरोखर भेटू शकत होता का, हे तपासण्यासाठी 'अस्मा-उर-रिजाल' नावाचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. मराठीतही सनद हा शब्द आहे. वकिलाला वकिलीची सनद लागते. तिच्याशिवाय तो न्यायालयात बोलू शकत नाही. बोलायला सनद लागते, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे.

हदीस लिहून घेणारे विद्यार्थी आपली प्रत मूळ प्रतीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहत. या कामाला 'मुकाबला' म्हणत. आज आपण मुकाबला म्हणजे सामना समजतो. मूळ अर्थ समोरासमोर ठेवणे. असल एका बाजूला, नक्कल दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींत फरक तर नाही ना, हे पाहणे.

हीच रीत आपल्याला सरकारी कचेरीत दिसते. जुन्या रेकॉर्डची नक्कल मागितली की तिच्यावर 'खरी नक्कल' असे लिहून येते. नक्कल कोणी केली आणि मूळ कागदाशी तिची रुजवात कोणी घेतली, त्यांच्या सह्या असतात, वर शिक्का असतो. गंमत पाहा, 'खरी' आणि 'नक्कल' हे दोन शब्द शेजारी शेजारी सुखाने नांदतात. तो कागद न्यायालयात चालतो, कारण तो आपण नक्कल असल्याचे लपवत नाही. त्याच कागदाने मी असल आहे म्हणायला सुरुवात केली की तो बनावट ठरतो. कागद तोच, अक्षरे तीच. एकात कबुली आहे, दुसऱ्यात नाही, एवढाच फरक.

कित्ता म्हणजे काय?

मराठीत अनुकरणासाठी आणखी एक सुंदर शब्द आहे, कित्ता. 'आईवडिलांचा कित्ता गिरवला' असे आपण कौतुकाने म्हणतो. हा शब्दही आपल्या घरचाच. अरबी 'कित्आ' म्हणजे तुकडा. खुशनवीस उस्ताद कागदाच्या एका तुकड्यावर आपल्या सर्वोत्तम हस्ताक्षरात काही ओळी लिहीत, त्याला कित्आ म्हणत. शागिर्द तो समोर ठेवून मश्क करत. मराठी शाळेत तो कित्ता झाला. वर गुरुजींच्या हातची वळणदार ओळ, खाली मुलाने तिच्यासारखी काढायच्या ओळी.

कित्ता गिरवण्यात लाज का नसते? कारण ज्याची नक्कल करायची तो नमुना पानाच्या माथ्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. मूल असे म्हणत नाही की हे वळण माझेच. ते म्हणते, हे गुरुजींचे वळण आहे, मला ते माझ्या हातात आणायचे आहे. शंभरदा गिरवल्यावर ते खरेच त्याच्या हातात येते आणि मग कित्ता बाजूला ठेवला तरी चालते. नक्ल म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, हा मूळ अर्थ इथे पुरेपूर लागू होतो. उस्तादाच्या हातातले कौशल्य शागिर्दाच्या हातात गेले.

आपल्या दीनने तर शिक्षणाची ही पद्धत पहिल्यापासून वापरली. हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) आणि त्यांच्यासोबतचे काही जवळपास एकाच वयाचे तरुण मदीनेत आले आणि सुमारे वीस रात्री प्रेषितांजवळ (स.) राहिले. त्यांना घरची ओढ लागली आहे, हे प्रेषितांच्या (स.) लक्षात आले. त्यांनी या तरुणांकडे घरच्यांची चौकशी केली आणि त्यांना परत पाठवले. पाठवताना त्यांना लेखी नियमावली दिली नाही. मला जशी नमाज पढताना पाहिलेत तशी पढा आणि घरच्यांनाही शिकवा, असे सांगितले. ही हकीकत बुखारीत आहे. वीस रात्रींचे पाहणे हाच त्या तरुणांचा अभ्यासक्रम होता.

आपल्या घरातले दोन-तीन वर्षांचे मूल अम्मीच्या शेजारी मुसल्ल्यावर येऊन उभे राहते, ती रुकूत गेली की वाकते, ती सजद्यात गेली की लोळण घेते. त्याला अजून एकही सूरह येत नसते. तरी त्याचे पाहणे सुरू झालेले असते. नमाजच्या जमातीत जो इमामाच्या मागे उभा राहतो त्याला 'मुक्तदी' म्हणतात, इक्तिदा करणारा, मागे चालणारा. तिथे तर इमामाच्या आधी डोके उचलण्याचीही मनाई आहे.

आणि अनुकरण फक्त मोठ्यांचेच करावे असेही नाही. सूरह माइदाच्या ३१ व्या आयतीत आदम (अलै.) यांच्या मुलाची हकीकत आहे. भावाचा खून करून बसलेल्या त्या माणसाला प्रेताचे काय करावे हे कळेना. तेव्हा अल्लाहने एक कावळा पाठवला. तो जमीन उकरू लागला. त्याला पाहून या माणसाला भावाचा देह कसा झाकायचा ते उमगले आणि आपण कावळ्याएवढेही नाही, याचा पश्चात्ताप झाला. आजही आपण कबर खोदतो तेव्हा एका पाखराकडून घेतलेला तो पहिला धडाच गिरवत असतो. शिकायला मिळत असेल तर नमुना कोणाचाही चालतो. प्रश्न एवढाच की काय उचलायचे आणि कशासाठी.

चेष्टेची नक्कल

नक्कल बिघडते कुठे? पहिली जागा घरातलीच आहे. मामूच्या चालण्याची नक्कल मामूसमोर, मामूच्या हसण्यासह झाली तर ती लाडीगोडी. पण वर्गात तोतरे बोलणाऱ्या मुलाची नक्कल होते, पाय ओढत चालणाऱ्या मुलीची होते, मराठी बोलताना उर्दू वळण येणाऱ्याची होते आणि उर्दू बोलताना मराठी वळण येणाऱ्याचीही होते. ज्याची नक्कल झाली तो दुसऱ्या दिवसापासून वाचायला उभा राहत नाही. शिक्षिका म्हणून सांगते, काही मुलांचे शिक्षण मागे पडते ते बुद्धी कमी असल्याने नव्हे, वर्गातल्या या हशामुळे.

हजरत आयेशा (रजि.) यांनी एकदा कोणाची तरी नक्कल करून दाखवली, तेव्हा मोबदल्यात कितीही मिळाले तरी मला कोणाची नक्कल करणे आवडणार नाही, अशा आशयाचे उत्तर प्रेषितांनी (स.) दिल्याचे अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आले आहे. इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये गीबतीचा विचार करताना स्पष्ट केले की गीबत फक्त जिभेने होत नाही. लंगडणाऱ्या माणसासारखे लंगडून दाखवणे हीसुद्धा गीबतच. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा उडवण्यास मनाई आहे, ती आपल्याला ठाऊक असते. तिच्यात ही हावभावांची थट्टाही येते, हे मुलांना सांगायचे मात्र राहून जाते.

परीक्षेतली नक्कल

दुसरी जागा परीक्षेची. महाराष्ट्रात परीक्षांतले गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ साली स्वतंत्र कायदा झाला. दरवर्षी दहावी-बारावीच्या वेळी कॉपीमुक्तीची मोहीम चालते, भरारी पथके फिरतात. कायदा आणि पथके आपले काम करतील. मला बोलायचे आहे ते घराविषयी.

शिक्षकांच्या खोलीत एक किस्सा नेहमी सांगितला जातो. एका मुलाने पुढच्याचा पेपर पाहून इतका इमानेइतबारे उतरवला की निबंधात 'माझे नाव' म्हणून पुढच्याचेच नाव लिहिले. 'नक्ल रा चे अक्ल' ही म्हण इथे खरी होते. डोळ्यांतून हातात गेले, मधल्या डोक्यात काहीच उतरले नाही. ज्याला 'नेणे' म्हणतात ते झालेच नाही.

पण हसण्यावर नेण्याइतकी ही गोष्ट हलकी नाही. मुलाला नक्कल करायची सवय परीक्षेच्या दिवशी लागत नाही. ती बरीच आधी लागते. चौथी-पाचवीत शाळा प्रकल्प देते. अम्मी रात्री जागून चित्रे कापते, चिकटवते, मजकूर लिहिते आणि वर मुलाचे नाव घालते. किंवा बाजारातून तयार वही येते. मुलाला शाबासकी मिळते. त्या दिवशी ते एक धडा नक्की शिकते, की काम दुसऱ्याचे आणि नाव आपले असले तरी चालते. मायेपोटीच ती हे करते. पण मूल तिच्या मायेपेक्षा तिची कृती लवकर उचलते.

दहावीला हेच मूल चिठ्ठी घेऊन बसते, तेव्हा बाहेर थांबलेले काका-मामू म्हणतात, "सगळेच करतात, आपल्याच पोराने का मागे राहायचे?" आपल्यातल्या बऱ्याच घरांत मुलगा किंवा मुलगी घराण्यातली पहिलीच दहावी पास होणार असते. पालकांची ती तळमळ मी जाणते. मात्र नेमक्या अशा घरांनाच ही नक्कल सर्वांत महाग पडते. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणी आहे, ओळखी आहेत, तो एका परीक्षेतली कमतरता पुढे भरून काढतो. आपल्या मुलाच्या हाती मात्र त्याचे स्वतःचे शिकणे एवढेच भांडवल असते. गुणपत्रिकेवर गणिताचे ऐंशी गुण आहेत आणि अकरावीच्या पहिल्याच महिन्यात काही समजत नाही, अशी मुले मी पाहिली आहेत. ती कोणाला सांगूही शकत नाहीत. गुण सांगतात की येते आणि मन सांगते की येत नाही. कित्येक जण तिथेच शाळा सोडतात आणि घरी म्हणतात, "पढाई में दिल नहीं लगता."

कित्ता आणि चिठ्ठी या दोन्ही नकलाच. एक पानाच्या माथ्यावर असतो, दुसरी बुटात. फरक तिथूनच सुरू होतो.

देखादेखीची नक्कल

तिसरी जागा लग्नकार्याची. निकाहसाठी काय लागते हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ईजाब-कबूल, साक्षीदार, मेहर आणि ऐपतीप्रमाणे वलीमा. यादी इथे संपते. पण प्रत्यक्षात यादी संपत नाही, कारण पुढची यादी शेजाऱ्यांच्या लग्नातून येते. त्यांनी हॉल घेतला म्हणून हॉल, त्यांनी व्हिडिओवाला आणला म्हणून व्हिडिओवाला, त्यांच्या मुलीला जितके दिले तितके आपल्या मुलीला. हे कुठून आले असे विचारले तर कोणाकडे उत्तर नसते. 'सगळे करतात' ही काही सनद नव्हे. ज्यांची आपण नक्कल करतो त्यांनीही ती तिसऱ्याकडूनच उचललेली असते आणि साखळीच्या टोकाला कोणीच सापडत नाही. सापडते ते आपल्या नावावरचे कर्ज.

अरबीत अशा माणसासाठी एक नेमका शब्द आहे, 'इम्मआ'. 'मअ' म्हणजे सोबत. जो भेटेल त्याला 'मी तुमच्यासोबत' म्हणणारा, स्वतःचे मत नसलेला माणूस म्हणजे इम्मआ. लोक चांगले वागले तर आम्हीही चांगले वागू आणि त्यांनी अन्याय केला तर आम्हीही करू, असे म्हणणारे इम्मआ होऊ नका, अशा आशयाची रिवायत तिर्मिजीत हजरत हुजैफा (रजि.) यांच्याकडून आली आहे. काही मुहद्दिसांनी तिची सनद कमजोर ठरवली आणि हाच आशय हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांचे वचन म्हणून अधिक भरवशाचा मानला. दुसरी एक हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तिच्यात इशारा आहे की तुम्ही आधीच्या लोकांमागे वीत-वीत, हात-हात असे चालत जाल, ते घोरपडीच्या बिळात शिरले तरी तुम्ही त्यांच्यामागे शिराल. घोरपडीचे बीळ अरुंद, अंधारे आणि बिनकामाचे. आपल्या मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण टाकणाऱ्या बापाला ते कसे असते हे वेगळे सांगायला नको.

पूर्वजांच्या नावाने हीच सबब पुढे केली तरी ती चालत नाही. बापजाद्यांना ज्या वाटेवर पाहिले तिच्यावरच आम्ही चालणार, एवढेच उत्तर देणाऱ्यांना सूरह बकराच्या १७० व्या आयतीत प्रतिप्रश्न केला आहे, की त्यांचे पूर्वज काही समजत नसले तरीही? म्हणजे नकलेसोबत अक्कलही मागितली आहे. 'नकलेलाही अक्कल लागते' ही मराठी म्हण इथे खरी ठरते.

मोबाइलवरची नक्कल

चौथी जागा आपल्या हातातच असते. मोबाइलवर आलेला मजकूर आपण बोटाने पुढे ढकलतो. ही तर शब्दशः नक्ल आहे, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. अमुक दुआ इतक्यांना पाठवली तर इतके सवाब, अमुक औषधाने तमुक रोग बरा, अमुक गावात असे घडले. 'हदीस में आया है' एवढे लिहिले की आपण थांबतो. कोणत्या संग्रहात, कोणाकडून, हे विचारत नाही. ज्या उम्मतीने एका ओळीसाठी सहा नावे जपली, तिच्या हातातून रोज बिननावाच्या शेकडो ओळी पुढे जातात. जे ऐकले ते सगळे सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, हा इशारा सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतच आला आहे. आणि खबर आली तर आधी तिची खात्री करा, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे.

घरात काय करता येईल?

मूल नक्कल करणारच. बोलणे, चालणे, खाणे, रागावणे, सलाम करणे, सारे ते पाहूनच शिकते. तेव्हा नक्कल बंद करायची नसून तिचा कित्ता करायचा आहे. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही.

मुलाला प्रकल्प मिळाला तर त्याला मदत जरूर करा, पण कात्री आणि लेखणी त्याच्या हातात राहू द्या. चित्र वाकडे आले तर येऊ द्या. मजकूर पुस्तकातून घेतला असेल तर खाली पुस्तकाचे नाव लिहायला लावा. दादीने सांगितलेली माहिती असेल तर 'दादीने सांगितले' असे लिहायला लावा. पाचवीतल्या मुलाची ही पहिली सनद असेल. ते मूल पुढे चिठ्ठी सहजासहजी उचलणार नाही, कारण दुसऱ्याचे ते दुसऱ्याच्या नावाने सांगण्याची त्याला सवय लागलेली असेल.

मूल घरात कोणाची नक्कल करून हसवू लागले तर एकच गोष्ट विचारा, "हे तू त्यांच्यासमोर करशील का?" उत्तर त्याला स्वतःलाच सापडते.

लग्नाची यादी करायला बसाल तेव्हा प्रत्येक बाबीपुढे 'हे कशासाठी?' असा एक रकाना ठेवा. ज्याच्यापुढे 'लोक काय म्हणतील' याखेरीज काही लिहिता येत नाही, ती बाब बाजूला काढा. घरातल्या मुलींना या वेळी जवळ बसवा, त्यांचे मत विचारा. उद्या त्याही कोणाची तरी यादी करायला बसणार आहेत.

मोबाइलवर 'हदीस' म्हणून काही आले आणि संग्रहाचे नाव नसेल, तर पुढे पाठवण्याआधी मशिदीतल्या इमामसाहेबांना किंवा जाणत्या माणसाला विचारा. विचारणे जमणार नसेल तर ते तिथेच राहू द्या. न पाठवल्याने कोणाचे काही अडत नाही.

आणि दहावीच्या वर्षी मुलाला आवर्जून सांगा, "बेटा, जितके येते तितकेच लिही. साठ गुण पडले तरी ते तुझे असतील." हे वाक्य अब्बांच्या तोंडून आले तर त्याचा परिणाम जास्त होतो. मूल ते ऐकून उचलेल, आणि अब्बांना स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या मापातोलात तसेच वागताना पाहिले तर त्याहून लवकर उचलेल.